बोनेअरला स्वतः प्लॅन करून शोअर डायव्हिंग : तिकीट काढण्याआधीपासून शेवटच्या डाइव्हपर्यंत सगळं

स्कूबासाठी सुट्टी काढून कुठे जायचं म्हटलं की बहुतेक ठिकाणी रूटीन ठरलेलं असतं, सकाळी बोट, गाइड पुढे आणि आपण मागे, दोन डाइव्ह झाल्या की परत. बोनेअरला तसं नाही. इथे भाड्याने पिकअप घ्यायचा, मागे टँक टाकायचे, रस्त्याच्या कडेला पिवळा रंग दिलेला दगड (तीच डाइव्ह साइटची खूण) दिसला की गाडी थांबवायची, किट चढवायचं आणि सरळ चालत पाण्यात शिरायचं. किती वाजता जायचं, डावीकडे वळायचं की उजवीकडे, किती वेळ राहायचं, सगळं तुम्ही आणि तुमचा बडी, म्हणजे जोडीदार डायव्हर, ठरवणार. ही मोकळीक मला जगातल्या कुठल्याही बोट ट्रिपपेक्षा जास्त आवडते, पण ती फुकट मिळत नाही, कारण पाण्याखाली तुम्हाला आवरायला कोणी नसतं आणि खाली जे आहे ते सगळंच्या सगळं संरक्षित आहे. म्हणून हा लेख जरा लांब आहे.

आधी बेट समजून घ्या

बोनेअर कॅरिबियन समुद्रात, व्हेनेझुएलाच्या किनाऱ्यापासून साधारण ८० किलोमीटरवर आहे. २०१० पासून ते नेदरलँड्सची विशेष नगरपालिका आहे, चलन मात्र अमेरिकन डॉलर. लोक पापियामेंतु, डच, स्पॅनिश आणि इंग्रजी बोलतात, इंग्रजीवर तुमचं सगळं भागतं. व्हिसाच्या बाबतीत एक गोष्ट नीट लक्षात घ्या, नेदरलँड्सचा भाग असला तरी बोनेअर शेंगेनमध्ये येत नाही, नेदरलँड्सच्या कॅरिबियन भागाचे व्हिसाचे नियम वेगळे आहेत आणि काही देशांचे चालू व्हिसा हातात असतील तर सूट मिळते, तेव्हा तिकिटाच्या आधी आपल्या पासपोर्टला काय लागू होतं ते डच सरकारच्या साइटवर तपासा.

डायव्हिंगच्या दृष्टीने महत्त्वाचं म्हणजे वारा. इथे व्यापारी वारे वर्षभर पूर्वेकडून येतात, त्यामुळे पूर्व किनारा खवळलेला आणि पश्चिम किनारा बेटाच्या आडोशाला शांत. बहुतेक सगळ्या साइट्स ह्या पश्चिम बाजूला आहेत. समोरच क्लेन बोनेअर नावाचं छोटं निर्मनुष्य बेट आहे, तिथे बोटीने जावं लागतं. दुसरं म्हणजे चक्रीवादळांचा नेहमीचा पट्टा बोनेअरच्या उत्तरेला राहतो. म्हणजे कधीच काही होत नाही असं नाही, १९९९ साली लेनी वादळ उलट्या दिशेने, पश्चिमेकडून पूर्वेकडे गेलं आणि बोनेअरच्या पश्चिमेच्या उथळ रीफचं, म्हणजे प्रवाळाच्या खडकांचं, मोठं नुकसान झालं. वारा उलटा फिरला की त्या दिवशी पश्चिमेला डाइव्ह नाही, इतकं साधं.

आता संरक्षण. १९७९ साली इथे मरीन पार्क झालं आणि त्यात बेटाभोवतीचं सगळं पाणी येतं, भरतीच्या रेषेपासून ६० मीटर खोलीपर्यंत, क्लेन बोनेअरसकट. म्हणजे आत पार्क आणि बाहेर मोकळं रान असा प्रकारच नाही, तुम्ही गुडघाभर पाण्यात उभे असलात तरी पार्कमध्येच आहात. त्याच्याही आधी १९७१ मध्ये भाल्याने मासेमारी करायला बंदी आली होती. ह्या सगळ्यामागे डॉन स्टुअर्ट ह्या माणसाचं नाव घ्यावंच लागतं, १९६२ मध्ये तो स्वतःच्या शिडाच्या जहाजाने इथे आला, इथलं डायव्हिंग त्याने सुरू केलं आणि बोटींनी नांगर टाकून कोरल (प्रवाळ) फोडू नये म्हणून कायमचे मूरिंग बॉय (बोट बांधायचे तरंगते गोळे) लावण्याच्या मागे लागला. स्वतः भाल्याने मासे मारणारा माणूस पुढे त्या बंदीचा पुरस्कर्ता झाला, मला ही गोष्ट फार मोठी वाटते. आज पूर्ण पार्कमध्ये डाइव्ह बोटी नांगर टाकत नाहीत, मूरिंगलाच बांधतात. पार्कचं काम स्टिनापा नावाची संस्था बघते, हे नाव लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

कधी जायचं

पाणी वर्षभर साधारण २६ ते २९ अंश असतं, त्यामुळे चुकीचा महिना असा नाहीच. जानेवारी ते मार्च पाणी त्यातल्या त्यात गार आणि वारा जोरात, म्हणजे दक्षिणेकडच्या साइट्सवर एंट्री कठीण. ऑगस्ट ते ऑक्टोबर वारा कमी आणि पाणी गरम, समुद्र कधी कधी अगदी सपाट. पाऊस मुख्यतः वर्षाच्या शेवटी शेवटी, तोही आपल्या पावसासारखा नाही. नवीन डायव्हर असाल तर वारा कमी असलेला काळ घ्या, पाण्यात शिरणं आणि बाहेर येणं सोपं झालं की अर्धं टेन्शन तिथेच संपतं. आणि जमत असेल तर पौर्णिमा तुमच्या मुक्कामाच्या सुरुवातीला येईल असं बघा, का ते रात्रीच्या डाइव्हमध्ये सांगतो.

घरून निघायच्या आधी

सर्टिफिकेशन ओपन वॉटर (पहिल्या पातळीचं) असेल तर तुमची मर्यादा १८ मीटर, आणि बोनेअरला तेवढ्यात ९० टक्के आनंद मिळतो हे मी मनापासून सांगतो, सगळ्यात रंगीत भाग ५ ते १५ मीटरमध्येच आहे. पण दोन गोष्टी घरून करून जा. एक म्हणजे शेवटची डाइव्ह होऊन वर्ष उलटलं असेल तर रिफ्रेशर, स्विमिंग पूलमध्ये का होईना. दुसरी नायट्रॉक्सचा, म्हणजे जास्त ऑक्सिजन मिसळलेल्या हवेचा, कोर्स. रोज तीन तीन डाइव्ह करायच्या म्हटल्यावर ३२ टक्के ऑक्सिजनवर नो-डेको टाइम, म्हणजे वर येताना मध्ये थांबावं न लागता खाली राहता येणारा वेळ, बराच वाढतो, आणि इथल्या बऱ्याच पॅकेजमध्ये नायट्रॉक्सचे वेगळे पैसे लागत नाहीत. फक्त ३२ टक्क्याची खोलीची मर्यादा ऑक्सिजनच्या १.४ बार दाबाच्या हिशोबाने साधारण ३३ मीटर आहे आणि टँक स्वतः अॅनलाइझ करून, आकडा टेपवर लिहून, डाइव्ह कॉम्प्युटरमध्ये टाकल्याशिवाय ट्रकमध्ये चढवायचा नाही. ट्रकमध्ये एकदा सहा टँक एकत्र झाले की कुठला कुठला ते कोणालाच आठवत नाही.

मेडिकल फॉर्म निघायच्या आधी वाचा. दमा, हृदयाचा त्रास, नुकतंच झालेलं ऑपरेशन, कानाची सर्जरी असं काही असेल तर डॉक्टरांची सही घरूनच घेऊन जा. आणि डायव्हिंगचा वेगळा इन्शुरन्स काढा, डॅनचा (डायव्हर्स अलर्ट नेटवर्क) किंवा तसाच दुसरा, नेहमीच्या ट्रॅव्हल पॉलिसीत डीकॉम्प्रेशन चेंबरचा (डायव्हिंगच्या आजारावर उपचार करायच्या दाबाच्या खोलीचा) खर्च धरलेला असेलच असं नाही. बेटावर असा चेंबर आहे, ही मोठी जमेची बाजू.

सामानात काय न्यायचं? मास्क आणि कॉम्प्युटर स्वतःचा. बाकी किट भाड्याने मिळतं, पण बुटीच्या बाबतीत तडजोड करू नका. जाड, कडक सोलच्या बुटी आणि त्यावर चढणारे, मागे पट्टा असलेले ओपन हील फिन्स. पायात नुसते मोज्यासारखे घालायचे फुल फूट फिन्स इथे उपयोगाचे नाहीत, कारण किनारा म्हणजे वाळू नाही, कोरलचे तुटके तुकडे आणि धारदार चुनखडीचा खडक. ३ मिलिमीटरचा सूट बहुतेकांना पुरतो, पण दिवसाला तीन डाइव्ह म्हटल्यावर चौथ्या दिवशी थंडी वाजायला लागते, तेव्हा पूर्ण हाताचा घ्या. एसएमबी (पाण्यावर सोडायचा रंगीत फुगा) आणि शिट्टी प्रत्येकाकडे हवी, दोघांत एक असं नको. ग्लोव्ह्ज नेऊ नका, पार्कमध्ये डायव्हर्सना ते घालायला बंदी आहे, हात झाकलेले असले की माणूस हमखास कुठेतरी धरतो म्हणून. रात्रीसाठी केमिकलच्या चमकणाऱ्या कांड्यांनाही बंदी आहे, बॅटरीवर चालणारा छोटा टँक लाइट घ्या.

सनस्क्रीनबद्दल माझं मत सांगतो, ऑक्सिबेन्झोन आणि ऑक्टिनॉक्सेट असलेलं अजिबात नको, पण त्याहून चांगलं म्हणजे पूर्ण बाह्यांचा रॅशगार्ड आणि टोपी. अंगाला जे फासलंच नाही ते पाण्यात उतरणार नाही.

पोचल्यावर पहिला दिवस

पहिलं काम नेचर फी. ही स्टिनापाला जाते, ४० डॉलर, ऑनलाइन भरता येते, निघायच्या आधी सध्याचा आकडा एकदा बघून घ्या. विमानतळावरचा पर्यटक कर वेगळा, तो ह्यात धरलेला नाही. पावती फोनमध्ये ठेवा, ती दाखवल्याशिवाय टँक मिळत नाही.

दुसरं ओरिएंटेशन. ब्रीफिंग आणि त्यानंतर एक चेक डाइव्ह, हे सगळ्यांना लागू, पाचशे डाइव्ह झालेल्यालाही. काही लोक ही डाइव्ह म्हणजे वेळ फुकट गेला असं समजून उरकून टाकतात. तसं करू नका. ह्याच डाइव्हमध्ये आख्ख्या ट्रिपची बॉयन्सी, म्हणजे पाण्यात न बुडता, न वर येता तरंगायचा तोल, ठरते. डाइव्हच्या शेवटी टँकमधला दाब ५० बारवर आला की ५ मीटरवर नाही, वर पृष्ठभागावर येऊन वेट चेक करा, म्हणजे अंगावरचं शिशाचं वजन बरोबर आहे का ते बघा. बीसीडी (हवा भरायचं जॅकेट) पूर्ण रिकामा, नॉर्मल श्वास, हलायचं नाही, पाणी डोळ्यांच्या पातळीला यायला हवं आणि श्वास सोडला की हळू खाली जायला हवं. दगडासारखे खाली गेलात तर एक किलो काढा, परत बघा. भरलेल्या टँकवर हा प्रयोग करायचा असेल तर साधारण दोन किलो जास्तीचे धरावे लागतात, कारण तेवढं वजन हवेचंच असतं आणि डाइव्हभर ते कमी होत जातं. ज्यांना वाटतं आपल्याला सहा किलो लागतात त्यातल्या बऱ्याच जणांना चारही जास्त होतात. आणि वजन जास्त असलं की काय होतं, पाय खाली लोंबतात, मग बीसीडीत हवा भरत राहावं लागतं, आणि त्या खाली गेलेल्या फिन्सच्या टोकाने मागचं कोरल झाडलं जातं, मागे बघायला तुम्हाला डोळे नसतात. एक बोटभर फांदी वाढायला जिथे वर्ष लागतं तिथे एक किक पुरेशी आहे. वेट्स एका जागी न ठेवता थोडे टँकच्या पट्ट्याला वर सरकवले की शरीर आडवं राहतं. ह्यावर पूर्ण सकाळ गेली तरी जाऊ द्या.

गेज, ऑक्टोपस (श्वास घ्यायचा जादा रेग्युलेटर), कॅमेरा, सगळं अंगाला क्लिपने आवळून. लोंबणारं काहीही चालणार नाही.

२०२३ मध्ये इथे स्टोनी कोरल टिश्यू लॉस डिसीज आला, हा रोग ब्रेन कोरल, पिलर कोरल अशा कडक कोरलना काही आठवड्यांत, महिन्यांत मारतो, आणि त्याच वर्षी पाणी तापून ब्लीचिंगही (कोरल पांढरं पडणं) झालं. तुम्हाला पांढरे किंवा शेवाळलेले मेलेले गोळे दिसतील, तेव्हा जुने व्हिडिओ बघून जी अपेक्षा केली असेल ती थोडी आवरा. मासे मात्र अजून भरपूर आहेत. कुठल्या साइट्स सुरू आहेत, किट कशात बुडवून धुवायचं, ह्याच्या सूचना बदलत असतात, ब्रीफिंगमध्ये हे विचाराच. दुसऱ्या बेटावर डाइव्ह करून आला असाल तर आधी किट निर्जंतुक करून घ्या.

ट्रकचं तंत्र

गाडी उजव्या बाजूने चालवायची, गाढवं रस्त्यात येतात, विशेषतः संध्याकाळी, तेव्हा हळू. टँक रॅकमध्ये घट्ट बसले आहेत का हे स्वतः बघा. पिकअपची साधी धातूची किल्ली मागून घ्या, रिमोटची असेल तर चांगल्या ड्राय बॉक्सशिवाय पाण्यात नेऊ नका. आणि साइटवर गाडीत काहीही ठेवायचं नाही. काहीही म्हणजे फोन, पाकीट, चष्मा, चांगला टॉवेलसुद्धा. काचा खाली, दारं उघडी, आत बघणाऱ्याला कळायला हवं की इथे काही नाही. पासपोर्ट रूमवर. नेचर फीच्या पावतीचा फोटो काढून बडीच्या आणि तुमच्या फोनमध्ये, आणि फोनही रूमवर, फार तर एक जुना फोन ड्राय बॉक्समध्ये सोबत.

सोबत पाणी भरपूर न्या. सतत वारा असल्यामुळे घाम जाणवत नाही पण शरीर सुकतं, आणि कोरडं शरीर डीकॉम्प्रेशनसाठी, म्हणजे शरीरातला नायट्रोजन बाहेर पडायला, वाईट. नळाचं पाणी समुद्राचं पाणी गोडं करून केलेलं असतं आणि पिण्यासारखं असतं, मोठी बाटली भरून घ्या, विकतचं प्लॅस्टिक नको.

पाण्यात शिरणं, जे कोणी नीट शिकवत नाही

शोअर डायव्हिंगमध्ये लोक पडतात ते इथेच, पाण्याखाली नाही. क्रम असा ठेवा.

गाडी थांबवल्यावर किट न घालता आधी दोघांनी किनाऱ्यापर्यंत चालत जा आणि पाच मिनिटं नुसतं बघा. लाटा सारख्या येत नाहीत, चार-पाच मोठ्या येतात मग थोडी शांतता असते, ती शांतता किती वेळ टिकते ते मोजा. पाण्यात फिकट पट्टा दिसतो का बघा, तो वाळूचा, तिथूनच आत जायचं. गडद ठिपके म्हणजे खडक, त्यावर काळे काटेरी अर्चिन बसलेले असतात. जिथून आत जाणार तिथूनच बाहेर येता येईल ना हेही आत्ताच ठरवा, बाहेर येताना तुम्ही दमलेले असता. मूरिंग बॉय कुठे आहे बघा, मागे वळून किनाऱ्यावरची एखादी खूण लक्षात ठेवा. दोघांपैकी एकालाही पाणी बघून नको वाटलं तर गाडीत बसायचं आणि पुढच्या दगडाला जायचं, चर्चा नाही.

मग ट्रकच्या मागच्या फळीवर किट चढवा, तिथेच पूर्ण बडी चेक करा. चालायला लागल्यावर मास्क तोंडावर, रेग्युलेटर तोंडात, बीसीडीत हवा, फिन्स हातात. कपाळावर मास्क ठेवून लाटेत शिरायचं नाही, पहिल्याच लाटेत जातो. पाण्यात आल्यावर पाय उचलून टाकायचा नाही, घासत घासत सरकवायचा, तळवा आधी चाचपतो आणि मग वजन देतो. बडीच्या खांद्याला धरा. पाणी कमरेच्या वर आलं की लगेच वजन पाण्यावर सोडून द्या, आडवे व्हा आणि मग फिन्स घाला, एकाने घालताना दुसऱ्याने धरायचं. उभं राहून फिन्स घालायच्या नादात माणूस मागे पडतो आणि टँक खडकावर आपटतो. उथळ पाण्यात एल्कहॉर्न कोरलचे तांबूस फांद्यांचे झुपके दिसले तर त्यांना वळसा घाला, कितीही लांब पडला तरी. एल्कहॉर्न आणि स्टॅगहॉर्न मुद्दाम पाण्याखालच्या नर्सरीत वाढवून परत रीफवर लावतात इथे, त्या एकेक फांदीमागे कोणाचे तरी महिने गेलेले असतात.

डाइव्हचा प्लॅन

बहुतेक साइट्सचा साचा सारखा. किनाऱ्यापासून आधी उथळ पठार, वाळू आणि मधूनमधून कोरल, मग साधारण १० मीटरवर कड येते आणि तिथून रीफ उतरत ३० मीटरच्या पुढे जाते. कडेपर्यंत पृष्ठभागावरूनच पोहत गेलात तर हवा वाचते.

कडेवर पोचलात की थांबा. खाली काय आहे ते लक्षात ठेवा, मूरिंगचा सिमेंटचा ठोकळा, एखादा मोठा स्पंज, काहीतरी ठळक. हीच तुमची परतीची खूण. मग करंट, म्हणजे पाण्याचा प्रवाह, बघा, सॉफ्ट कोरल कुठल्या बाजूला झुकतंय त्यावरून कळतो. सुरुवात नेहमी करंटच्या विरुद्ध, म्हणजे परत येताना तो मदत करेल. हवा २०० बारपासून १३० वर ज्याची आधी येईल त्याने खूण करायची आणि दोघांनी वळायचं. परतीचा प्रवास वरच्या खोलीत, ६-८ मीटरवर, कडेच्या वरून, म्हणजे सेफ्टी स्टॉपच्या (वर येताना थांबायच्या) ३ मिनिटांऐवजी तुम्ही उथळ पाण्यात वीस वीस मिनिटं मासे बघत घालवता, बोटीच्या डाइव्हला हे सुख नाही. वर येण्याचा वेग मिनिटाला ९ मीटरच्या आत. किनाऱ्यावर ५० बार घेऊन पोचायचं, ५० बारवर परत फिरायचं नाही.

थांबायचं असेल तर वाळूवर थांबा, आणि वाळूवरसुद्धा टेकायच्या आधी नीट बघा, गार्डन ईलच्या वसाहती, स्टिंग रे असतात. कासव दिसलं तर त्याच्या वर जाऊ नका, त्याला श्वास घ्यायला वर जायची वाट मोकळी हवी, बाजूने तरंगत राहिलात तर ते बहुतेक वेळा चरतच राहतं. सिंहमासा म्हणजे लायनफिश इथला नाही, २००९ मध्ये पहिल्यांदा दिसला, त्याला मारायची परवानगी फक्त ट्रेनिंग घेतलेल्यांना आहे, तुम्ही फक्त जागा सांगा.

कुठल्या साइटपासून सुरू करायचं

पहिले दोन दिवस मधल्या भागात, क्रालेंडाइक ह्या राजधानीच्या गावाजवळ, रिसॉर्टच्या धक्क्यावरून उतरता येईल अशा ठिकाणी. शिडी असते, खडक नसतो. बारी रीफसारख्या ठिकाणी तर धक्क्याखालीच तासभर जातो.

मग दक्षिण. विंडसॉक, एंजल सिटी, टोरीज रीफ. एंजल सिटीच्या आसपास दोन रीफ आहेत, मधे वाळूची खाच आणि पलीकडे दुसरी रीफ, दोन्ही बघायच्या तर हवेचा हिशोब नीट. हिल्मा हूकर हे ७२ मीटर लांबीचं मालवाहू जहाज ह्याच पट्ट्यात आहे. १९८४ मध्ये त्यात गांजा सापडला, मालक पुढे आले नाहीत, गळकं जहाज बंदरातून बाजूला नेऊन ठेवलं आणि सप्टेंबरमध्ये ते आपणहून बुडालं. उजव्या कुशीवर साधारण ३० मीटरवर पडलंय, वरची बाजू १८ मीटरच्या आसपास. ओपन वॉटरवाल्यांनी वरूनच बघावं, आणि आत शिरायचं काम ट्रेनिंगशिवाय कोणीच करू नये.

सॉल्ट पिअर माझी सगळ्यात आवडती साइट. मिठाची जहाजं भरायचा धक्का आहे, त्याचे खांब खालपर्यंत स्पंज आणि कपकोरलने लगडलेत, तिरपा सूर्यप्रकाश खांबांच्या मधून येतो आणि त्यात पिवळ्या ग्रंट माशांचे थवे नुसते टांगल्यासारखे थांबलेले असतात. खोली फार नाही, नवीन माणसालाही जमते. पण जहाज लागलेलं असेल तर डाइव्ह बंद, रस्त्यावरूनच दिसतं. तिथून आणखी दक्षिणेला रेड स्लेव्हपर्यंत गेलात तर करंट जबरदस्त असू शकतो, ती अनुभवी लोकांची जागा.

उत्तरेला थाउजंड स्टेप्स. नाव हजारांचं, पायऱ्या ६७, पण पाठीवर टँक घेऊन चढताना सावकाश, डाइव्ह झाल्याझाल्या धापा टाकत चढणं शरीराला चांगलं नाही, खाली बसून दम घ्या, मग एकेक फेरी. ह्याच्या पुढे कार्पाटाकडे जाणारा रस्ता एकेरी आहे, म्हणजे मागे वळता येत नाही, रिंकॉन गावावरून फिरून यावं लागतं, तेव्हा टँक आणि पेट्रोल आधी बघा. कार्पाटाची उतरण सुंदर आहे, मोठे मोठे कोरल खांब, एंट्री मात्र दगडी. आणि ह्याच उत्तर भागात काही पट्टे राखीव आहेत, तिथे डायव्हिंगच नाही, नकाशावर ते बघून घ्या. पिवळा दगड नसेल तिथे आपणहून उतरायचं नाही.

रात्र

रात्रीची डाइव्ह दिवसा केलेल्या साइटवरच करा, आणि दोघांकडे दोन दोन टॉर्च. किनाऱ्यावर एक मंद दिवा ठेवा, परतीची दिशा कळते. टार्पन नावाचे माणसाएवढे चंदेरी मासे तुमच्या उजेडाच्या मागे मागे येतात, त्यांना कळलंय की टॉर्चच्या झोतात सापडलेला मासा आयता मिळतो. त्यामुळे झोपलेल्या माशावर झोत रोखून धरला की तुम्ही त्याचा जीव घेताय, झोत पुढे सरकवत राहा. पॅरटफिश रात्री स्वतःभोवती पारदर्शक चिकट पिशवी विणून तिच्यात झोपतो, खडकाच्या कपारीत अगदी जवळून बघितली तर पिशवीच्या पृष्ठभागावर वाळूचे बारीक कण चिकटलेले दिसतात आणि आत त्याचा कल्ला हळू हलत असतो. हात लावला की ती फाटते.

आता पौर्णिमेचं. पौर्णिमेनंतर दोन ते पाच रात्री, सूर्य मावळून साधारण पाऊण तास झाला की आणि चंद्र अजून उगवायचा असतो तेव्हा, ऑस्ट्रॅकॉड नावाचे तिळाहून बारीक जीव पाण्यात प्रकाशाचे ठिपके सोडत वर चढतात, नराने मादीला बोलवायची ही रीत. उथळ पाण्यात, सॉफ्ट कोरलच्या जवळ, सगळे टॉर्च बंद करून थांबायचं. आधी एक ठिपका, त्याच्या वर दुसरा, तिसरा, आणि डोळे सरावले की चहूबाजूंनी निळसर मण्यांच्या माळा सुटलेल्या दिसतात. ह्यासाठी उजेड असतानाच पाण्यात उतरा आणि बॉयन्सी पक्की असेल तरच जा, अंधारात तरंगत एका जागी राहता यायला हवं.

रोजचा वेग आणि शेवटचे दोन दिवस

टँक कितीही मिळत असले तरी दिवसाला तीनच्या वर जाऊ नका, आणि मध्ये एक दिवस पूर्ण कोरडा ठेवा. त्या दिवशी वॉशिंग्टन स्लागबाई राष्ट्रीय उद्यानात जा, फ्लेमिंगो बघा, नेचर फीची पावती तिथेही लागते. सगळ्यात खोल डाइव्ह सकाळची पहिली. कान दुखला, सर्दी झाली तर डाइव्ह नाही, औषध घेऊन तर मुळीच नाही. डाइव्हनंतर अंगावर चट्टे, सांधे दुखणं, विचित्र थकवा, मुंग्या असं काही वाटलं तर झोपून बघू म्हणू नका, ऑक्सिजन मागा आणि लगेच फोन करा, आपत्कालीन नंबर पहिल्याच दिवशी डाइव्ह शॉपमधून घेऊन ठेवा.

अनेक दिवस डायव्हिंग झाल्यावर विमानाच्या आधी किमान १८ तास कोरडे, मी २४ धरतो. म्हणजे परतीचं विमान सकाळचं असेल तर आदल्या दिवशी सकाळी शेवटची डाइव्ह, तीही उथळ, शक्यतो धक्क्याजवळ. मग किट गोड्या पाण्यात नीट बुडवून, बीसीडीच्या आतही पाणी भरून हलवून ओतून, सावलीत वाळवा. बुटी सगळ्यात शेवटी वाळतात, त्या आधी टांगा. किनाऱ्यावरून उचललेली शिंपली, मेलेलं कोरल बॅगेत घालू नका, ते बेटाबाहेर न्यायला बंदी आहे. आणि वेट्सचा आकडा, सूट, टँक, किती किलो बरोबर बसले, हे त्याच संध्याकाळी लॉगबुकमध्ये लिहून टाका.